एक ठिपका, दोन ठिपके

विल्बर, नेब्रास्का
९ मार्च १९८६

तीर्थरूप मायलोकाकांस,
जनेलचा ग्रीसने माखलेल्या हातांनी नमस्कार, वि. वि.

पत्र कुणाचं म्हणून तुम्ही पाकीट उलटंपालटं करत बसाल, म्हणून आधीच सांगते. मी तुमच्या लेनर्डची मुलगी. आजोबांना पुरलं त्या दिवशी मी अकरा वर्षांची होते. तुम्ही कबरीच्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला. मधे तुम्ही माझ्या हातात दोन पेपरमिंट ठेवलेत आणि संध्याकाळच्या गाडीने कॅलिफोर्नियाला परत गेलात. तेवढीच आपली ओळख.

आता कामाचं. आमच्या जुन्या कोठाराचं छप्पर बसत आलंय, ते पाडायचं ठरलं. आतला पसारा काढताना ताडपत्रीखाली तुमची एकोणीसशे चौतीसची फोर्ड गाडी निघाली. मला वाटलं, बाबा भंगारवाल्याला बोलावणार. पण ते म्हणाले की हवी असेल तर तू घे, मला ती डोळ्यांसमोर नको. मी म्हटलं, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाले की ज्याला सगळं कळतं तो कॅलिफोर्नियात बसलाय, त्याला विचार. चौतीस वर्षांत तुमचा उल्लेख घरात झाला तो हा. तुमचा पत्ताही त्यांना पाठ होता, हे ऐकून मी उडालेच.

काका, मी दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. बत्तीस दातांची नावं झोपेत सांगेन, पण या गाडीपुढे पार अडाणी. परवा पार्टच्या दुकानात गेले आणि ऐटीत म्हटलं की या इंजिनाच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग द्या. काउंटरवरचे चारही जण इतके हसले की एकाला ठसका लागला. का हसले ते कुणी सांगेना. मला फार लागलं. तुम्ही सांगाल ना?

तुमचा लोभ मी अजून कमावलेला नाही, तरी तो असावा.
आपली पुतणी,
जनेल

•

बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया
२१ मार्च १९८६

चि. जनेल हिस,
काकाचे तेलकट हात डोक्यावर ठेवून आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे म्हणून घाबरू नकोस. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक डाग बसलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतो की हा वाढतच जाणार. नोव्हेंबरच्या दोन तारखेला माझं लायसन्स संपतं, ते पुन्हा काही मिळायचं नाही. असो, रडगाणं पुरे.

तू टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागितलंस! अगं वेडे, त्या इंजिनाला टॅपेट कव्हर असतंच कुठे? त्याला फ्लॅटहेड म्हणतात. त्याचे व्हॉल्व्ह वर डोक्यात नसतात, खाली ब्लॉकच्या पोटात असतात. म्हणून डोकं तव्यासारखं सपाट. त्या चौघांना सांग की मायलो वाव्राने विचारलंय, तुमच्यापैकी कितीजणांनी ते पोट उघडून पाहिलंय.

आता नीट वाच. चौतीसची म्हणजे फक्त सांगाडा आणि अंगावरचा पत्रा. इंजिन शेहेचाळीसच्या एका ठोकलेल्या गाडीतलं आहे. त्याचे पाण्याचे पंप दोन, आणि पुढून इंजिन धरून ठेवतात तेही तेच पंप. त्यामुळे आधी इंजिनाखाली जॅक लाव आणि मगच पंपाला हात घाल, नाहीतर सगळं पायावर घेशील. ब्रेक मुळातले सळ्यांचे होते, आम्ही चाळीसच्या गाडीचे तेलावरचे बसवले. पुढचा एक्सल ड्रॉप्ड आहे, म्हणजे टोकांना वर वळवलेला, त्याने गाडीचं नाक खाली बसतं. चाकं ज्या खिळीवर वळतात ती किंगपिन. चाक वर-खाली धरून हलव, खडखडलं तर किंगपिन गेली समज. आणि छप्पर चॉप केलंय, म्हणजे खांब कापून तीन इंच खाली आणलंय. लेनर्ड चार म्हणत होता, मी दोन म्हणत होतो. तीन इंचांवर तह झाला. तेव्हापासून त्याची हॅट काही आत मावली नाही.

मागची चाकं काढताना पुलर, म्हणजे ड्रम ओढून काढायचं अवजार, वापर. नट सैल कर, पण पुरता काढू नकोस, दोन आटे राहू दे. ड्रम सुटतो तेव्हा तोफेसारखा सुटतो.

एक गंमत सांगतो. आमचा नियम होता की जो पार्ट ज्याने बसवला त्याने त्यावर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळीने ठोकून, खूण करायची. माझा एक ठिपका, लेनर्डचे दोन. म्हणजे पुढे काही बिघडलं तर वाद नको. केवढे शहाणे होतो बघ.

मागच्या एक्सलला मात्र एवढ्यात हात लावू नकोस. बाकी विचारत जा.
माया पातळ होऊ न देणारा,
तुझा काका मायलो

•

विल्बर
४ मे १९८६

ती. काकांस,
किंगपिन बदललेल्या पुतणीचा नमस्कार, वि. वि.

होय, बदलल्या! दोन्ही! तुमचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. चौघांपैकी पोट उघडून पाहिलेला एकच निघाला. तो आणि त्याचा मेहुणा आता दर शनिवारी सकाळी मदतीला येतात. त्यांची स्वतःची बत्तीसची फोर्ड आहे आणि ते तिच्याशी बायकोपेक्षा गोड बोलतात.

इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा खोकलं, मग धुराचा एक लोट सोडला, आणि मग असं काही घुमायला लागलं की मला भर अंगणात रडू फुटलं. बाबा खिडकीत होते. मी पाहिलं तर पडदा सोडला. पण दुसऱ्या दिवशी माझ्या कामाच्या बाकावर चाकांचे नट भरलेला एक डबा होता, सगळे घासून चकचकीत केलेले. कुणी ठेवला म्हणून विचारलं, तर म्हणाले की मला काय माहीत. घरात माणसं दोन. आई जाऊन सहा वर्षं झाली. काका, तुम्हीच सांगा, नट काय पोस्टाने आले?

आता रागावू नका. गावात मला एकदोघांनी विचारलं की काय गं, रिव्हर्स वाव्राची गाडी काढलीस वाटतं. मी म्हटलं हा रिव्हर्स वाव्रा कोण? तर म्हणे तुझा काका. आणि फिदीफिदी हसले. मला कुणी धड सांगत नाही. बाबांना विचारलं तर ते कोंबड्यांना दाणे घालायला गेले. आम्ही कोंबड्या विकून तीन वर्षं झाली.

म्हणून थेट विचारते. काय झालं होतं? आणि दुसरं मागणं. यंदाच्या चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ही गाडी निघावी आणि स्टिअरिंगवर तुम्ही असावं. नोव्हेंबरच्या आत. तुमचं समोरचं दिसणं पुरतं जायच्या आत. तुम्ही दोघं भाऊ एकदा त्या गाडीत बसलेले मला पाहायचेत, बास. याल ना?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
जनेल

•

बेकर्सफील्ड
१५ मे १९८६

चि. जनेल हिस,
इंजिनाच्या आवाजाला रडणाऱ्या शहाण्या मुलीस काकाचे दुप्पट आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं. ऐक तर मग.

एकोणीसशे बावन्न. मी वीस वर्षांचा, लेनर्ड तेवीसचा. आम्ही दोन हिवाळे त्या गाडीवर घालवले. आणि आम्हा दोन अतिशहाण्यांनी शपथ घेतली होती की ही गाडी स्वतःच्या पायावर पहिल्यांदा चालेल ती चार जुलैच्या मिरवणुकीत, अख्ख्या गावासमोर. त्याआधी एक फूटही नाही. इंजिन जागच्या जागी चालवून पाहायचो, पण गिअर कधी टाकला नाही. त्या सकाळी ट्रॅक्टरने ओढत नेऊन रांगेत उभी केली. आमच्या मागे गावचा बँड. बँडमध्ये सगळ्यात पुढे आमचे वडील, पोटावर मोठा ढोल घेऊन.

शिट्टी झाली. मी पहिला गिअर टाकला, आणि रुबाब दाखवायचा म्हणून क्लच दणक्यात सोडला. गाडी गेली मागे! बंपर ढोलातून आरपार. वडील रस्त्यावर बसकण मारून, दोन्ही हातांत टिपऱ्या तशाच. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, पण बँड उधळला, पोल्का नाचणाऱ्यांची पळापळ, आणि गाव हसतंय, हसतंय.

कारण सांगतो. मागच्या एक्सलच्या पोटात क्राऊन आणि पिनियन असतात. पिनियन इंजिनाकडून फिरत येतो आणि क्राऊनला फिरवतो, क्राऊन चाकांना. हा क्राऊन पिनियनच्या डाव्या अंगाला बसायला हवा. त्या जुन्या फोर्डमध्ये तो उजव्या अंगालाही बिनतक्रार बसतो. मग चाकं उलटी फिरतात. पुढे जायचे तीन गिअर होतात मागचे आणि रिव्हर्स होतो पुढचा. ही चूक शिकाऊ माणूस करत नाही, तो तिथवर पोचतच नाही. आमच्यासारखे दीडशहाणेच करतात.

स्टिअरिंगवर मी होतो, म्हणून नाव माझं पडलं. मी म्हटलं, क्राऊन लेनर्डने बसवला. लेनर्ड म्हणाला, मायलोने. शेवटच्या आठवड्यात आम्ही इतके थकलो होतो की मला खरंच आठवत नव्हतं. एक्सल उघडून ठिपका पाहायचा, की संपलं. पण आम्ही नको ते बोलून बसलो. पाच दिवसांत मी गाव सोडलं.

आता येण्याचं. लेनर्डने स्वतः बोलावल्याशिवाय मी त्या अंगणात पाय ठेवणार नाही, असं तेव्हा म्हणालो होतो. तो हट्ट मला आता परवडत नाही, पोरी. समोरचा डाग वाढतोय. मला माझ्या भावाचा चेहरा दिसतोय तोवर पाहायचाय. तेव्हा तू त्याला माझा निरोप सांग: चूक माझी होती. क्राऊन मीच बसवला. असेल किंवा नसेल, पण मी ती घेतली. आणि एक्सल उघडशील तेव्हा ठिपके शोधू नकोस, घासून टाक.

थकलेला पण हसरा,
मायलो

•

विल्बर
८ जून १९८६

ती. काकांस,
जनेलचा नमस्कार. आज हात स्वच्छ आहेत, मन नाही.

तुमचा निरोप मी रविवारी जेवताना वाचून दाखवला. बाबांच्या आवडीचे डंपलिंग केले होते, वर डुकराच्या मटणाचा रस्सा. चूक माझी होती, इथपर्यंत आले आणि बाबांनी काटा खाली ठेवला. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. मग ताट तसंच टाकून उठले आणि कोठाराच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. मी भांडी घासून आले तरी तिथेच.

काल शनिवारी एक्सल उतरवला. पुलर लावताना दोन आटे ठेवले, ड्रम खरंच तोफेसारखा सुटला, तुमच्यामुळे माझी नडगी वाचली. पोट उघडायच्या आधी मी तेलाच्या भोकातून दवाखान्यातला दात बघायचा छोटा आरसा आत घालून पाहिलं. क्राऊन उजव्या अंगालाच होता. मग उघडलं. काका, तुम्ही घासून टाक म्हणालात, पण माझ्याच्याने झालं नाही. मी खूण पाहिली. कोणाची ते मी लिहिणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही.

मी एवढंच केलं. तो भाग धुऊन पुसून बाकावर ठेवला, खूण वर दिसेल असा, आणि बाजारात निघून गेले. उगाचच दोन तास फिरले. खसखशीचे गोड पाव, आपले कोलाच, घेतले, ते माझ्या रोजच्या गाडीतच खाऊन टाकले. परत आले तर तो भाग स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेला होता, आमच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या टॉवेलात. बाबा स्वयंपाकघरात बसले होते. घरात पत्र लिहायचा चांगला कागद आहे का, म्हणून त्यांनी विचारलं.

मला भीती वाटते आणि बरंही वाटतं. काही वेडंवाकडं आलं तर मनावर घेऊ नका. ते फार दिवसांनी लिहितायत.

तुम्हा दोघांचीही,
जनेल

•

विल्बर
८ जून १९८६

चि. मायलो यास,
लेनर्डचे आशीर्वाद. आशीर्वाद द्यायचा मला हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, पण आईने पत्राची सुरुवात एवढीच शिकवली होती.

ठिपके दोन आहेत.

हे मला काल कळलेलं नाही. तू मंगळवारी गेलास. गुरुवारी मी एकट्याने एक्सल उतरवला, उघडला आणि पाहिलं. दोन ठिपके, माझ्या हाताचे, चांगले खोल मारलेले. मी म्हटलं, रविवारी मायलोला लिहू. रविवारी चर्चबाहेर लोक तुझी नक्कल करत होते. रिव्हर्स वाव्रा, रिव्हर्स वाव्रा. मी तोंड उघडलं असतं तर ते नाव माझं झालं असतं. मी गप्प बसलो. घरी येऊन होता तसा एक्सल बंद केला आणि वर ताडपत्री टाकली.

मग पुढच्या रविवारी लिहू म्हटलं. मायलो, असे किती रविवार झाले ते तू मोजू नकोस. वडील गेले तेव्हा कबरीपाशी सांगणार होतो. तू माझ्या पोरीला पेपरमिंट दिलंस आणि माझी जीभ उचलली नाही. वडील तुलाच दोषी समजून गेले. याला माफी नसते हे मला कळतं, तरी मागतो. मला माफ कर.

जनेलला वाटतं की गाडी मला नजरेसमोर नको होती, म्हणून मी तिला दिली. तसं नाही. मला उघडायची हिंमत नव्हती. ती पोरगी एकदा मागे लागली की शेवटचा स्क्रू काढल्याशिवाय राहत नाही, हे मला माहीत होतं. तुझा पत्ताही म्हणूनच दिला. तरीसुद्धा मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण तू चूक आपल्या अंगावर घेतलीस, माझी चूक, आणि ती माझ्याच टेबलावर माझ्या मुलीने वाचली. त्यानंतर घास उतरेना.

आता ऐक. मी तुला बोलावतो आहे. स्वतः, माझ्या हाताने लिहून. ये. शनिवारवाले आणि जनेल मिळून क्राऊन फिरवायला निघाले होते, मी त्यांना हाकललं. ते आपलं काम आहे. तुला समोरचं दिसत नाही म्हणतोस, पण क्राऊन बसवायला तुझ्या बोटांना डोळे कधी लागले होते? मी धरीन, तू बसव, डाव्या अंगाला. मग माझ्या दोन ठिपक्यांच्या शेजारी तुझा एक मार. आणि या वेळी आधी अंगणात चालवून बघू, गाव गेलं उडत.

चार जुलै यंदाही शुक्रवारीच आहे. स्टिअरिंगवर तू. मी शेजारी बसून समोरचं सांगत जाईन. गाडीच्या दोन्ही दारांवर जनेल नावं रंगवून घेणार आहे. काय लिहायचं, विचारत होती. मी सांगितलं, माझ्या बाजूला लिही: रिव्हर्स वाव्रा. गावाला एकदा कळू दे.

हॅट घरी ठेवीन.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची परवानगी मागणारा,
लेनर्ड

•

बेकर्सफील्ड
१६ जून १९८६

(कार्ड)

ती. लेनर्ड यांस, मायलोचा वाकून नमस्कार.

पत्र शेजारणीने वाचलं. अर्ध्यावर तिलाच रडू आलं, मग उरलेलं मी भिंग लावून एकेक अक्षर वाचलं. दोन तास लागले. चौतीस वर्षं थांबलो, दोन तासांचं काय!

तुला शिव्या द्यायच्या आहेत, पण त्या कार्डावर मावणार नाहीत, समक्ष देईन. सत्तावीस तारखेच्या बसने निघतोय. माझा पंच सोबत आणतो. दारावर काय लिहायचं ते मी आल्यावर ठरवू, ते नाव मी इतकी वर्षं वागवलंय, फुकट देणार नाही.

जनेलला पेपरमिंट. आणि मिरवणूकवाल्यांना आत्ताच सांगून ठेव की या वेळी बँड आमच्या पुढे चालू दे.

तुझाच,
एक ठिपका